लेझरनंतर चष्मा लागला : बाळाच्या डोळ्यांच्या तपासण्या आता थांबवाव्यात का?

प्रश्न

एका आईने पाठवलेल्या दीर्घ पत्राचा हा सारांश. त्यांची मुलगी २८ व्या आठवड्यात जन्मली, जन्मवजन १,०२० ग्रॅम. नवजात अतिदक्षता विभागात असताना तिच्या दृष्टिपटलाची वरचेवर तपासणी होत असे आणि कॅमेऱ्याने छायाचित्रेही घेतली जात. ती नऊ आठवड्यांची असताना दोन्ही डोळ्यांत आरओपी म्हणजे मुदतपूर्व बाळांना होणारा दृष्टिपटलाचा आजार ‘झोन २, स्टेज ३, प्लस’ (झोन म्हणजे दृष्टिपटलावरची जागा, झोन १ अगदी मध्याभोवतीचा; स्टेज म्हणजे आजाराची तीव्रता; प्लस म्हणजे फुगलेल्या, वळणदार रक्तवाहिन्या) या पातळीवर असल्याचे सांगण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी लेझर झाले. पुढे ‘दृष्टिपटल जागेवर आहे, आजार शमला’ असा निर्वाळा मिळाला. आता मुलगी जन्मतारखेप्रमाणे अकरा महिन्यांची आहे. नुकत्याच झालेल्या तपासणीत उजव्या डोळ्याचा नंबर उणे ६.५ आणि डाव्याचा उणे २ निघाला व चष्मा लिहून दिला गेला. त्याच भेटीत एका संशोधन पथकाने पुढील तीन वर्षे हातात धरायच्या ओसीटी यंत्राने दृष्टिपटलाच्या प्रतिमा घेण्यासाठी आणि अल्ट्रासाउंडने डोळ्याची लांबी मोजण्यासाठी संमती मागितली.

पतींचे म्हणणे असे की, नंबर लेझरमुळेच आला, इंजेक्शन घेतले असते तर आला नसता. फोनमधली जुनी-नवी छायाचित्रे शेजारी ठेवली तर लेझरचे डाग वाढलेले दिसतात. इतक्या वेळा प्रखर प्रकाश डोळ्यात गेला, आता एकही यंत्र नको. सासूबाई दोष ऑक्सिजनला देतात, आणि इतक्या लहान बाळाला चष्मा लावला तर डोळे कायमचे अधू होतील असे त्यांना वाटते. पत्राच्या शेवटी आई लिहितात : “लेझरच्या कागदावर सही माझी आहे. मी काय थांबवू आणि काय चालू ठेवू?”

उत्तर

निर्णय आधी सांगते, कारणे मागाहून. चष्मा द्या आणि लवकर द्या. नेत्रतज्ज्ञांनी ठरवून दिलेल्या तपासण्या चुकवू नका. संशोधनातील सहभाग हा मात्र स्वतंत्र विषय आहे. तो तुम्ही नाकारलात तरी मुलीच्या उपचारांत काही उणे पडता कामा नये, आणि स्वीकारायचा असेल तर त्याआधी काही प्रश्न विचारून घ्यायला हवेत. तुमच्या घरी छायाचित्रे, नंबर काढणे, ओसीटी आणि अल्ट्रासाउंड या सगळ्यांना ‘यंत्रे’ असे एकच नाव पडले आहे, त्यामुळे एकाबद्दलचा राग दुसऱ्यावर निघतो आहे. प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर शोधते. कोणता प्रश्न संपला आणि कोणता अजून उघडा आहे, हे नीट पाहिले तर तुमचा गुंता बराचसा सुटेल असे मला वाटते.

‘आजार शमला’ या वाक्याचा तुम्ही ‘डोळ्यांचे प्रकरण मिटले’ असा अर्थ घेतलात, आणि त्या थकलेल्या दिवसांत तो कोणीही घेतला असता. डॉक्टरांच्या तोंडी मात्र या वाक्याचा अर्थ नेमका आणि मर्यादित असतो. गर्भात १६ व्या आठवड्याच्या सुमारास दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या नसेपाशी उगम पावतात आणि मांडवावर वेल पसरावी तशा कडेकडे सरकत जातात. नाकाच्या बाजूची कड त्या साधारण ३६ व्या आठवड्यात गाठतात, तर कानाच्या बाजूची, जी अधिक दूर असते, ४० व्या आठवड्याच्या आसपास. तुमची मुलगी २८ व्या आठवड्यात जन्मली तेव्हा हे काम अर्धवट होते. जन्मानंतर रक्तातील ऑक्सिजन गर्भातल्यापेक्षा वाढतो, आईकडून मिळणारे वाढीचे घटक तुटतात, आणि रक्तवाहिन्यांची वाढ खुंटते. पुढे काही आठवड्यांनी रक्तवाहिन्या न पोहोचलेला दृष्टिपटलाचा भाग परिपक्व होऊ लागतो, त्याची ऑक्सिजनची गरज वाढते, आणि तो व्हीईजीएफ नावाचे रासायनिक बोलावणे धाडतो. या बोलावण्याला उत्तर म्हणून भलत्याच, कमकुवत रक्तवाहिन्या फुटतात; त्यांच्याबरोबर येणारे तंतू आकसले की दृष्टिपटल ओढले जाते आणि सुटूही शकते. लेझरने तो रक्तवाहिन्याविरहित भाग निकामी केला, बोलावणे थांबले, ओढ थांबली. ‘शमला’ म्हणजे एवढेच. डोळ्याची वाढ कशी होईल, त्याचा नंबर काय असेल, दोन्ही डोळे मिळून पाहायला शिकतील का, याबद्दल ते वाक्य काहीच बोलत नाही.

आणि डोळ्याची वाढ तर तेव्हा जेमतेम सुरू झाली होती. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलीमीटर लांब असतो, प्रौढ माणसाचा २३ ते २४. ही वाढ पहिल्या दीड वर्षात सर्वांत वेगाने होते. डोळा लांबत असताना पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सपाट होत जातो आणि आतले भिंग पातळ होत जाते. या तिन्ही बदलांचा मेळ बसला तर प्रकाश नेमका दृष्टिपटलावर पडत राहतो. पूर्ण दिवसांची बहुतेक बाळे किंचित अधिक चिन्हाचा नंबर घेऊन जन्मतात आणि तो पुढे हळूहळू ओसरतो.

मुदतपूर्व बाळांत, आणि त्यातही ज्यांना तीव्र आरओपी झाला त्यांच्यात, हा मेळ निराळ्या ठिकाणी चुकतो. शाळकरी वयात लागणारा उणे नंबर बहुधा डोळा प्रमाणाबाहेर लांबल्यामुळे असतो. तुमच्या मुलीसारख्या डोळ्यांत लांबी बहुधा जास्त नसते, कित्येकदा ती अपेक्षेपेक्षा कमीच भरते. पण डोळ्याच्या पुढच्या भागाची वाढ मागे राहते. कॉर्निया अधिक बाकदार, त्यामागची पोकळी उथळ आणि भिंग जाड असे काहीसे बाल्यावस्थेतलेच रूप तिथे टिकून राहते, त्यामुळे प्रकाश गरजेपेक्षा जास्त वळतो आणि दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकवटतो. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण मुलांचा नंबर वाढू नये म्हणून जे उपाय आज सर्वत्र सुचवले जातात, कमी तीव्रतेचे थेंब असोत की खास काचा, ते लांबत जाणाऱ्या डोळ्यांसाठी तपासले गेलेले आहेत. अकरा महिन्यांच्या बाळाच्या या निराळ्या उणे नंबराला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. कोणी हितचिंतकाने सुचवले तरी ते तज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आता तुमच्या पतींच्या आक्षेपाकडे येते. त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करायला हवे. बीट-आरओपी या अभ्यासात बाळांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागून एका गटाला बेव्हासिझुमॅबचे, म्हणजे व्हीईजीएफला अडवणाऱ्या औषधाचे, डोळ्यात इंजेक्शन व दुसऱ्याला लेझर दिले होते. त्यातील मुले सुमारे अडीच वर्षांची झाल्यावर त्यांचे नंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. झोन २ मध्ये इंजेक्शनच्या गटातील सरासरी नंबर उणे ०.५८, तर लेझरच्या गटातील उणे ५.८३ होता, झोन १ मध्ये तर हे आकडे उणे १.५१ आणि उणे ८.४४ इतके दूर गेले. म्हणजे लेझरचा आणि उणे नंबराचा संबंध आहे, तो वडिलांच्या मनाचा खेळ नाही.

पण हे अर्धेच चित्र झाले. त्याच अभ्यासाचे मूळ निष्कर्ष २०११ मध्ये आले तेव्हा आजार उलटू न देण्याच्या बाबतीत इंजेक्शनची सरशी झोन १ पुरती स्पष्ट दिसली होती. झोन २ मध्ये, जिथे तुमच्या मुलीचा आजार होता, लेझर आणि इंजेक्शन यांच्यात तसा ठळक फरक आढळला नव्हता. इंजेक्शनची स्वतःची किंमतही असते. त्यानंतर आजार पुष्कळ उशिरा, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उसळू शकतो, कडेचा भाग कित्येकदा रक्तवाहिन्यांविना तसाच राहतो, त्यामुळे डोळ्यांवर फार दीर्घ काळ नजर ठेवावी लागते. शिवाय औषध डोळ्यापुरते राहत नाही, काही प्रमाणात रक्तात उतरते, आणि वाढत्या मेंदूवर व इतर अवयवांवर त्याचा परिणाम होतो का, या प्रश्नाचा अभ्यास अजून चालू आहे. इंजेक्शन निवडलेल्या घरांतून येणारी पत्रेही निश्चिंत नसतात. त्यांची काळजी वेगळी असते, एवढेच.

आणखी एक गोष्ट. ईटीआरओपी या मोठ्या अभ्यासात धोक्याच्या डोळ्यांपैकी काहींवर लवकर उपचार केले आणि काहींबाबत आजार ठरावीक पातळीला जाईपर्यंत थांबले. दोन्ही गटांत उणे नंबर लागलेल्या डोळ्यांचे प्रमाण सारखेच, साधारण दोन तृतीयांश निघाले. दृष्टिपटलाची रचना बिघडण्याचे प्रमाण मात्र नऊ महिन्यांच्या वयाला लवकर उपचार केलेल्या गटात ९.१ टक्के आणि थांबलेल्या गटात १५.६ टक्के होते. म्हणजे ‘एवढी घाई केली नसती तर नंबर आला नसता’ या शंकेला आधार मिळत नाही. याच अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये आल्यापासून, तुमच्या मुलीच्या पातळीचा आजार दिसला की दोन-तीन दिवसांच्या आत उपचार करावेत असा प्रघात पडला. काहीच न करणे म्हणजे काय, हे त्याआधीच्या, गोठवण्याचा उपचार तपासणाऱ्या क्रायो-आरओपी अभ्यासातून कळते : उपचाराविना ठेवलेल्या, आजार पुष्कळ पुढे गेलेल्या डोळ्यांपैकी जवळपास निम्म्यांची रचना एका वर्षानंतर वाईट रीतीने बिघडलेली होती, उपचार केलेल्यांत हे प्रमाण सुमारे पाव होते. तुम्ही सही केली त्या दिवशी तुमच्यापुढे पर्याय होता तो दृष्टिपटल राखण्याचा आणि न राखण्याचा. उणे साडेसहाला काच मिळते. सुटलेल्या दृष्टिपटलासाठी शस्त्रक्रिया असते, पण तिच्यानंतर मिळणारी दृष्टी फारशी आशादायक नसते.

छायाचित्रांबद्दल तुमच्या पतींना जे दिसले ते त्यांनी चुकीचे पाहिलेले नाही, त्याचा अर्थ मात्र वेगळा आहे. लेझर केल्यावर लगेच डाग करडे-पांढरे आणि फिकट दिसतात. पुढच्या आठवड्यांत तिथे व्रण तयार होतो, त्यात काळसर रंगद्रव्य जमते, आणि डाग गडद व ठसठशीत दिसू लागतात. हे भरून येणे आहे. त्या कडेच्या पट्टीने पाहण्याची क्षमता गमावलेली असते हे खरे. पण तिथे रक्तवाहिन्या पोहोचलेल्याच नव्हत्या, आणि वाचणे, चेहरा ओळखणे यांसारखी कामे ज्या मधल्या भागाने होतात तो लेझरपासून दूर असतो.

डागांचा आकार फोनवर मोजण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण अनेक पालक हे करतात. बाळांसाठी वापरला जाणारा रुंद कक्षेचा कॅमेरा जेल लावून कॉर्नियावर टेकवतात आणि तो एका वेळी साधारण १३० अंशांचा पट्टा टिपतो. त्याच्या भिंगाला कोन समजतात, मिलीमीटर समजत नाहीत. लहान डोळ्यात एक अंश म्हणजे दृष्टिपटलावरचे कमी अंतर, आणि डोळा लांबत गेला की त्याच एका अंशात जास्त अंतर मावते. म्हणून ३७ आठवड्यांच्या बाळाचे छायाचित्र आणि सहा महिन्यांनंतरचे छायाचित्र यांचे प्रमाण एक नसते. ओसीटी प्रतिमांवर काम करणाऱ्या संशोधकांनाही बाळाचे वय आणि डोळ्याची लांबी लक्षात घेऊनच आडवी मापे काढावी लागतात. तुमच्याकडे लांबी मोजायला परवानगी मागितली गेली तिचे एक कारण हेही असू शकते. त्यात कॅमेऱ्याचा तिरकेपणा, प्रकाश आणि बाळाची हालचाल यांची भर पडते. दोन तारखांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे आहेच, तज्ज्ञही तेच करतात, पण ते रक्तवाहिन्यांची वळणे, कडेची रेघ, ओढ यांकडे पाहतात. आणि कितीही सुरेख छायाचित्र असले तरी त्यावरून चष्म्याचा नंबर काढता येत नाही. तो वेगळ्या रीतीने काढतात : बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर हातातल्या उपकरणाची प्रकाशरेषा डोळ्यावरून फिरवायची, समोर काचा धरायच्या, आणि आतून परतणाऱ्या उजेडाची चाल पाहायची. त्याला डोळ्याला स्पर्शही करावा लागत नाही.

प्रकाशाने अपाय झाला असेल का? हा प्रश्न पूर्वीही गांभीर्याने विचारला गेला आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही मुदतपूर्व बाळांना जन्मानंतर लवकरच गडद गॉगल घातले, इतरांना घातले नाहीत. आरओपीच्या प्रमाणात फरक पडला नाही. ती चाचणी खोलीतील उजेडाबद्दल होती हे खरे, पण तपासणीच्या कॅमेऱ्यांचा प्रकाशही सुरक्षिततेच्या मर्यादेत ठेवलेला असतो आणि तो काही मिनिटांपुरता असतो. त्याने डोळ्याचा नंबर बदलतो असे मानायला आधार नाही. मात्र बाळाला त्रास होतो, आणि तो कमी लेखू नये. पापण्या उघड्या धरणारी तार, थेंब आणि दाब यांमुळे लहानग्यांच्या हृदयाची गती मंदावू शकते, श्वास क्षणभर अडखळू शकतो, दूध घेणे बिघडू शकते. वडिलांनी त्या काचेपलीकडून जे रडणे ऐकले असेल ते विसरायला सांगणारी मी कोण? मी एवढेच म्हणेन की, ज्या तपासण्या आता नियमित लागणार आहेत त्या तशा प्रकारच्या नाहीत.

चष्म्याकडे वळते, कारण खरी निकड तिथे आहे. उणे २ च्या डोळ्याला सुमारे अर्ध्या मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते, उणे ६.५ च्या डोळ्याला साधारण १५ सेंटीमीटरपर्यंतचे. कुशीतल्या बाळाला डाव्या डोळ्याने तुमचा चेहरा चांगला दिसतो आणि उजव्याने अंधुक, त्यामुळे मेंदू डाव्यावर विसंबू लागतो. उजवा डोळा पुरेसा वापरलाच गेला नाही तर तो मंद पडतो, ज्याला लोक आळशी डोळा म्हणतात, आणि मग दृष्टिपटल उत्तम असूनही नुसत्या काचेने नीट दिसत नाही. दोन्ही डोळ्यांना समान उणे ३ असते तर या वयात कित्येक तज्ज्ञ थांबून पाहतात. तुमच्या मुलीच्या दोन डोळ्यांतील साडेचारचा फरक थांबू देत नाही. सासूबाईंना हेच सांगा की, चष्म्याने डोळा अधू होत नाही आणि नंबरही वाढत नाही; अधू होतो तो न वापरलेला डोळा. बाळाला घरात जवळचेच पाहायचे असते म्हणून तज्ज्ञ कधी कधी दोन्ही काचांतून सारखाच थोडा नंबर कमी करून देतात, पण दोन डोळ्यांतील फरक राखतात. लिहून दिलेला आकडा मोजलेल्या आकड्यापेक्षा कमी दिसला तर गोंधळून जाऊ नका.

मऊ, बिजागरी नसलेली, मागे पट्ट्याने बांधायची चौकट घ्या. पहिले काही दिवस ती ओढून काढेल. खेळताना, जेवताना, म्हणजे हात आणि मन गुंतलेले असताना लावा, काढली तर फार प्रतिक्रिया न देता पुन्हा लावा. काही आठवड्यांनीही ती अजिबात टिकत नसेल तर बाळांसाठी कॉन्टॅक्ट लेन्सचा पर्याय असतो, तो विचारा. डावा डोळा दिवसाचा काही वेळ झाकायला सांगतील, कदाचित नाही. ते स्वतःहून करू नका, कारण चांगला डोळा गरजेपेक्षा जास्त झाकला तर तोही मागे पडू शकतो. डोळा वेगाने वाढत असल्यामुळे नंबर तीन-चार महिन्यांनी पुन्हा काढावा लागेल. तो आपोआप नाहीसा होईल असे आश्वासन मी देणार नाही. उपचार झालेल्या डोळ्यांत पहिल्या वाढदिवसानंतरही तो बहुधा टिकून राहतो, काही डोळ्यांत वाढतोही.

आता संशोधन. हातात धरायचे ओसीटी यंत्र डोळ्यांना न जाणवणाऱ्या अवरक्त प्रकाशाने काम करते, डोळ्याला टेकत नाही, आणि दृष्टिपटलाच्या थरांचा उभा छेद दाखवते. मुदतपूर्व बाळांच्या पीतबिंदूत, म्हणजे दृष्टिपटलाच्या बारीक पाहणाऱ्या मधल्या भागात, पाण्याच्या बारीक पोकळ्या, उथळ राहिलेला मधला खळगा, रक्तवाहिन्यांचा पातळ राहिलेला थर अशा गोष्टी या यंत्रामुळे कळल्या. साध्या तपासणीत त्या दिसत नव्हत्या. पीतबिंदूचा हा खळगा जन्मानंतरही काही वर्षे घडत राहतो, म्हणून तीन वर्षांचा पाठपुरावा मागणे सयुक्तिक आहे. मला या कामाबद्दल आदर आहे. पण तुमच्या मुलीचे आजचे उपचार त्या प्रतिमांवर अवलंबून नाहीत, आणि पथकाने तुम्हाला हे स्पष्ट सांगायला हवे होते.

विचारायचा पहिला प्रश्न व्यवहाराचा आहे. अतिदक्षता विभागातले बाळ फार हलत नाही, त्याची ओसीटी जागेपणी होते. रांगणाऱ्या मुलीची होईल का? प्रतिमा केवळ झोपेत किंवा जागेपणी, जमेल तेवढ्याच घेणार असतील आणि अल्ट्रासाउंड सुन्न करणाऱ्या थेंबावर क्षणभरात आटोपणार असेल तर संमती द्यायला हरकत नाही. मात्र केवळ संशोधनासाठी गुंगी किंवा भूल देणार असतील तर माझ्या मते नकार द्यावा. दुसऱ्या कारणासाठी भूल द्यावीच लागली तर त्याच वेळी प्रतिमा घेणे वेगळे. काही आढळले तर ते तुमच्या नेत्रतज्ज्ञांना कळवले जाईल का, मध्येच बाहेर पडता येईल का आणि प्रतिमा कोणाकडे राहतील, हेही लेखी मागा.

ऑक्सिजनचा दोष सासूबाईंनी हवेतून आणलेला नाही. या आजाराचे पहिले वर्णन थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये केले, आणि १९५० च्या दशकात सढळ हाताने दिलेल्या ऑक्सिजनशी त्याचा संबंध सिद्ध झाला. त्यानंतर ऑक्सिजन फार आखडता घेतला गेला तेव्हा त्याची किंमत बाळांच्या जिवाने मोजावी लागली. २०१० मध्ये आलेल्या सपोर्ट चाचणीतही ऑक्सिजनची पातळी खालच्या टप्प्यात ठेवलेल्या गटात तीव्र आरओपी कमी होता, पण मृत्यू अधिक होते. २८ आठवड्यांच्या बाळाला श्वास पुरवताना हा तोल रोज सांभाळावा लागतो, आणि काटेकोर सांभाळूनही कोवळ्या दृष्टिपटलाला आरओपी होतो.

हे सदर वाचणाऱ्या इतर पालकांसाठी थोडे. ज्यांचे बाळ आज अतिदक्षता विभागात आहे त्यांनी पहिल्या नेत्रतपासणीची तारीख विचारून लिहून ठेवावी. किती आठवड्यांच्या आणि किती वजनाच्या बाळांना तपासायचे हे निकष देशोदेशी वेगळे आहेत, पण पहिली तपासणी साधारण जन्मानंतर चार आठवड्यांच्या सुमारास येते, फार लवकर जन्मलेल्यांसाठीचे वेळापत्रक वेगळे असू शकते. घरी सोडताना किंवा दुसरीकडे हलवताना पुढची तारीख हमखास हरवते. ती घरी सोडण्याच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय निघू नका. जिथे तज्ज्ञ रोज येत नाहीत आणि फक्त छायाचित्रे दूर पाठवून वाचली जातात तिथे संशयाने पाहण्याचे कारण नाही : २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित वाचकांनी अशा छायाचित्रांवरून तज्ज्ञांकडे पाठवण्याजोगा आजार ओळखण्याची संवेदनशीलता, म्हणजे खरोखर असा आजार असलेल्यांपैकी किती सापडले ते प्रमाण, ९० टक्के होती. ज्यांच्या बाळाला आरओपी उपचाराविनाच बरा झाला किंवा झालाच नाही त्यांनीही एक वर्षाच्या आसपास नंबर आणि तिरळेपणा तपासून घ्यावा. क्रायो-आरओपीत पाहणी केलेल्या १,२५१ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांपैकी साधारण पाचांतील एकाला उणे नंबर आढळला होता, आणि त्यांतल्या बहुतेकांवर कधी उपचार झालेले नव्हते.

बाळ काय करते हे पाहताना वय मूळ प्रसूतीच्या तारखेपासून मोजा. तुमची मुलगी त्या हिशेबाने आठ महिन्यांची आहे. चष्मा लावल्यावर ती चेहऱ्याकडे रोखून पाहते का, लहान वस्तूकडे हात नेते का, ते टिपून ठेवा. चष्मा असून, दृष्टिपटल ठीक असूनही ती पाहण्यात रस घेत नसेल तर अडचण डोळ्यात नसून मेंदूच्या पाहण्याच्या वाटेत असू शकते, आणि त्याची वेगळी तपासणी करावी लागते. बाहुली पांढरी दिसू लागली, डोळा नव्याने तिरळा झाला, बुबुळ धूसर किंवा मोठे दिसले, डोळा लाल होऊन ती उजेड टाळू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. आरओपीचे उपचार झालेल्या डोळ्यांत दृष्टिपटल सुटणे किंवा पुढच्या उथळ पोकळीमुळे डोळ्यातील दाब वाढणे पुढे अनेक वर्षांनीही संभवते, म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी हा नेम ती मोठी झाल्यावरही राहावा, आणि लेझर झाल्याचा कागद तिच्या स्वाधीन करण्याइतका जपून ठेवा.

पुढच्या भेटीची तारीख मात्र तुमच्या पतींना मोकळीक असेल अशीच घ्या. आजवर त्यांनी निकाल ऐकले, छायाचित्रे फोनवर पाहिली. नंबर काढताना ते बहुधा खोलीत नव्हते. बाळाला त्यांच्याच मांडीवर बसवून प्रकाशरेषेची ती तपासणी होऊ द्या, आणि डॉक्टरांना विनंती करा की लेझरच्या आधीचे, लगेच नंतरचे आणि अलीकडचे छायाचित्र मोठ्या पडद्यावर उघडून प्लस म्हणजे कोणत्या वळणदार रक्तवाहिन्या, त्या आता सरळ कशा झाल्या, आणि काळे डाग कशाचे, हे त्यांना बोटाने दाखवावे. इंजेक्शनचा प्रश्नही त्यांनी स्वतःच विचारावा. तो विचारण्याजोगा आहे. संशोधनाचे संमतिपत्र तोवर कोरेच राहू द्या. चष्म्याची चौकट मात्र त्या भेटीची वाट न पाहता या आठवड्यातच करायला टाका.